विकीचं बिऱ्हाड

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कारखान्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस निवृत्त होतो, तो दिवस तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, दोन भाषणं आणि बटाटेवडे. दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत चालतं. मग कधीतरी तिसऱ्या आठवड्यात एखादं मशीन रुसतं, चार जण त्याच्याभोवती उभे राहतात आणि कुणीतरी म्हणतं, "याचं त्यांनाच ठाऊक होतं."

२००८ साली मी भोसरीतल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात संगणक विभाग सांभाळत होतो. विभाग म्हणजे काय, तर मी, एक मदतनीस आणि जिन्याखालची खोली. देखभाल खात्यात एक जुने फिटर होते. त्यांना लहानथोर सगळे 'मामा' म्हणत, म्हणून मीही मामाच म्हणतो. पुढच्या मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. कारखान्यातल्या प्रत्येक मशीनचा स्वभाव त्यांना माहीत होता, आणि तो सगळा त्यांच्या डोक्यात आणि शर्टाच्या खिशातल्या एका तेलकट वहीत होता. आमच्या व्यवस्थापकांनी मला बोलावून सांगितलं, "मामा जायच्या आत हे सगळं कॉम्प्युटरवर आलं पाहिजे."

आधी आम्ही सगळे करतात तेच केलं. फाईली बनवल्या. महिन्याभरात एकाच मशीनच्या पाच फाईली पाच संगणकांवर झाल्या. एकीचं नाव 'नवीन', दुसरीचं 'अंतिम', तिसरीचं 'अंतिम नवीन'. खरी कुठली, ते देवाला ठाऊक. त्यात काही फाईली जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेल्या. म्हणजे तो फॉन्ट ज्या संगणकावर आहे तिथं मराठी दिसणार, नसेल तिथं इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. तेव्हा मला विकी आठवला.

विकी म्हटलं की लोकांना विकिपीडिया आठवतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे, आणि तो पुष्कळांनी वाचलेला असतो. पण विकिपीडिया हा विकीचा एक प्रकार झाला, सगळ्यात मोठा. मूळ कल्पना त्याच्याही आधीची. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरनं २५ मार्च १९९५ रोजी पहिला विकी सुरू केला. त्याला असं संकेतस्थळ हवं होतं, जिथं वाचणाऱ्यालाच पानावर जागच्या जागी दुरुस्ती करता येईल. मध्ये संपादक नाही, परवानगीचा अर्ज नाही. होनोलुलूच्या विमानतळावर प्रवाशांची ने-आण करणाऱ्या 'विकी विकी' नावाच्या बसगाड्या त्यानं पाहिल्या होत्या. हवाईच्या भाषेत विकी म्हणजे झटपट. तेच नाव त्यानं उचललं.

मला हा विकी इंटरनेटवर नको होता. कुठल्या मशीनचा दाब किती ठेवतात आणि कुठला पार्ट वारंवार तुटतो, ही काही जगाला सांगायची गोष्ट नव्हे. विकी आमच्याच इमारतीत, आमच्याच संगणकावर आणि आमच्याच तारांच्या जाळ्यात हवा होता. बाहेर दार उघडायचं नाही. म्हणजे तो आम्हालाच बसवावा लागणार होता.

आता इथं थोडं यंत्राच्या पोटात शिरावं लागेल, पण घाबरू नका. वेबपानं देणाऱ्या संगणकावर एक प्रोग्रॅम अखंड चालू असतो, त्याला सर्व्हर म्हणतात. आमच्याकडे स्टोअरच्या नोंदींसाठी टॉमकॅट नावाचा सर्व्हर आधीपासून चालू होता. जावा भाषेत लिहिलेले वेब प्रोग्रॅम चालवणं हे त्याचं काम. सन कंपनीतल्या जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी तो लिहिला आणि १९९९ मध्ये तो अपॅची या संस्थेकडे सुपूर्द झाला. स्वतःची काळजी स्वतः घेणारा प्राणी म्हणून बोक्याचं नाव. अशा प्रोग्रॅमवरच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर एखादा प्राणी असायचा, त्याचीही त्यामागे प्रेरणा होती. पुढे पुस्तक निघालं, त्यावर बोक्याऐवजी हिमबिबट्या आला, ते असो.

टॉमकॅट म्हणजे एक चाळ समजा. पाणी, वीज, जिना, दरवान हे सगळं चाळीचं. एकेक प्रोग्रॅम म्हणजे त्यातलं एकेक बिऱ्हाड. नवं बिऱ्हाड आणायचं तर त्याचं सगळं सामान एका गाठोड्यात बांधून येतं. त्या गाठोड्याला वॉर फाईल म्हणतात. लढाईशी त्याचा संबंध नाही, वेब अर्काइव्ह या शब्दांचं ते लघुरूप आहे. टॉमकॅटच्या घरात 'वेबॲप्स' नावाचं एक फोल्डर असतं. गाठोडं त्यात टाकलं, की टॉमकॅट ते आपणहून सोडतो, त्याच नावाची खोली तयार करतो, सामान मांडतो आणि बिऱ्हाड सुरू. आपल्याला काही करावं लागत नाही. ही सोय फार सुंदर आहे, आणि तीच पुढे माझ्या अंगाशी आली.

चाळ आधीच उभी होती, तेव्हा मी जावातला विकी शोधला. तो मिळाला, जेएसपीविकी नावाचा. फिनलंडच्या यान्ने यालकानेन यांनी २००१ मध्ये सुरू केलेला. पुढे तोही अपॅची संस्थेकडे आला आणि २०१३ मध्ये तिचा स्वतंत्र प्रकल्प झाला. मला तो आवडला याचं कारण अगदी साधं. त्याला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान म्हणजे एक साधी मजकुराची फाईल, नावापुढे 'टीएक्सटी' लावलेली. विकी उद्या बंद पडला तरी ती फाईल कुठल्याही संगणकावर उघडून वाचता येणार. आणि पान बदललं की जुनं पान फेकून दिलं जात नाही. 'ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये पहिली, दुसरी, तिसरी अशी प्रत्येक आवृत्ती राहते. तेवढ्यासाठी एका ओळीत योग्य तो पर्याय लिहावा लागतो. ही सगळी मांडणी एका सेटिंगच्या फाईलमध्ये असते: विकीचं नाव काय, पानं कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायची, जोडलेले फोटो कुठं ठेवायचे, अक्षरांची पद्धत कोणती.

अक्षरांच्या पद्धतीनं माझा एक आठवडा खाल्ला.

पानांची नावं मराठीत ठेवायची असा माझा हट्ट होता. 'कंप्रेसर' असं नाव देऊन पान केलं, त्याच्या दुव्यावर टिचकी मारली, तर उघडलं भलतंच कोरं पान. नावाच्या जागी फ्रेंचसारखी दिसणारी, डोक्यावर टोप्या घातलेली अक्षरं. झालं होतं असं, की युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन तुकड्यांत जातं. ब्राउझर ते तीन तुकडे पत्त्यातून नीट पाठवत होता, पण त्या काळचा टॉमकॅट पत्ता वाचताना समजायचा, की प्रत्येक तुकडा म्हणजे पश्चिम युरोपातलं एक स्वतंत्र अक्षर. एका 'क'ची तीन परकी अक्षरं व्हायची. उपाय एका ओळीचा होता. टॉमकॅटच्या 'सर्व्हर' नावाच्या सेटिंग फाईलमध्ये, ८०८० हा दरवाजा क्रमांक जिथं लिहिलेला असतो तिथंच, पत्ता यूटीएफ-८मध्ये वाच असं सांगायचं आणि चाळ बंद करून पुन्हा सुरू करायची. टॉमकॅटच्या आठव्या आवृत्तीपासून हे सांगावं लागत नाही, तो मुळातच तसं वाचतो. आमचा सहावा होता.

परकी अक्षरं गेली. आता पान उघडलं, पण नाव होतं 'कपरसर'. मला आधी वाटलं, मदतनीसानं चुकीचं टाईप केलं. मग 'प्रेस'चं 'परस' झालं आणि माझ्या लक्षात आलं. पानाच्या नावात नको ती चिन्हं येऊ नयेत म्हणून विकी नावाची साफसफाई करतो. अक्षर किंवा आकडा असेल तर ठेवतो, बाकीचं गाळतो. आणि जावाच्या लेखी मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण ही 'अक्षरं' नव्हेत, ती अक्षराला लागणारी चिन्हं. झाडून सगळी गेली! मूळ विकीत तर दुवा करायची रीतच अशी होती, की दोन शब्द जोडून प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल लिहायचं. आपल्या लिपीत कॅपिटल हा प्रकारच नाही. या लोकांनी दुष्टपणानं काही केलं नाही, बरं का. त्यांच्यासमोर आपण नव्हतो, इतकंच.

शेवटी मी हट्ट सोडला. पानांची नावं इंग्रजीत आणि आखूड, मशीनवर रंगवलेला नंबर तेच नाव. दुवा लिहिताना चौकटी कंसात आधी मराठी शब्द, मग एक उभी रेघ, मग ते इंग्रजी नाव. वाचणाऱ्याला 'प्रेस नंबर ३' असंच दिसायचं. आतला मजकूर तर मराठीत झकास उमटत होता, त्यात मात्रांना कुणी हात लावत नव्हतं. संगणकांवर विंडोज एक्सपी होतं. त्यात देवनागरीची सोय सीडी घालून चालू करावी लागे, तेवढी एक फेरी आम्ही सगळ्या खात्यांतून मारली.

मग मामा बसले. म्हणजे ते खुर्चीत बसून सांगायचे आणि आयटीआय होऊन आलेला एक अप्रेंटिस टाईप करायचा. पहिले दोन दिवस मामा तोलून मापून, अधिकाऱ्यासमोर बोलतात तसं बोलत होते. "सदर मशीनमध्ये बिघाड झाल्यास" वगैरे. तिसऱ्या दिवशी चहा आला, आणि त्यानंतर ते जे सांगू लागले ते खरं. प्रेस नंबर ३च्या पानाचा मजकूर मला अजून पाठ आहे. सकाळी दाब चढत नाही, थंडीत जास्त. पंपातून खडी दळल्यासारखा आवाज येत असेल तर रिलीफ व्हॉल्व्हला हात लावू नका. आधी टाकीतल्या तेलाची पातळी बघा. मग तेल ओढायच्या नळीची जाळी काढून धुवा. मोटर दहा मिनिटं मोकळी चालवा. एवढं करून दाब चढला नाही, तरच पुढचं.

यामागचं कारणही त्यांनी लिहायला लावलं. थंडीत तेल घट्ट होतं, जाळी तुंबलेली असेल तर पंपाला पुरेसं तेल मिळत नाही आणि तो उपाशीपोटी गुरगुरतो. नव्या माणसाला वाटतं दाब कमी आहे, म्हणून तो रिलीफ व्हॉल्व्ह आवळतो. सकाळी त्यानं काहीच होत नाही. पण दुपारी तेल पातळ झालं, पंपाला पोटभर मिळू लागलं, की दाब मर्यादेच्या वर जातो. आणि तो वर गेला की थांबवणारा जो व्हॉल्व्ह, तो तर सकाळीच आवळून ठेवलेला.

विकी कुणीही बदलू शकतो, याची खात्यात भीती होती. "उद्या कुणी वाट्टेल ते लिहिलं तर?" एकदा लिहिलंही. कँटीनच्या पोह्यांबद्दल चार ओळी कंप्रेसरच्या पानावर आल्या, आणि खरं सांगायचं तर त्या चुकीच्या नव्हत्या. मागची आवृत्ती परत आणायला अर्धं मिनिट लागलं. जेएसपीविकीत येणाऱ्या माणसाच्या पायऱ्या असतात: अनोळखी, नुसतं नाव सांगितलेला, आणि नाव सांगून पासवर्डही दिलेला. मधली पायरी मला फार आवडते. तो म्हणतो मी अमुक आहे, आपण म्हणतो बरं. कारखान्यात तेवढं पुरतं. नुसतं नाव सांगितलेल्याला लिहू द्यायचं, अनोळखी माणसानं फक्त वाचायचं, असा नियम मी परवानग्यांच्या फाईलमध्ये लिहिला. नाव लिहिलं की माणूस जरा जपून लिहितो.

फेब्रुवारी २००९पर्यंत ४३ पानं झाली. लोक वाचायला लागले होते. दुसऱ्या पाळीचे सुपरवायझर रात्री मामांच्या घरी फोन करायचे ते बंद झाले, असं मामाच म्हणाले.

आता मी काय करून ठेवलं होतं ते सांगतो. पानं कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायची, या ओळीत मी विकीच्या त्याच खोलीतला पत्ता दिला होता, वेबॲप्सच्या आत. सगळं एका जागी असलं की बरं, असा माझा हिशेब. सेटिंगची फाईलही तिथंच, फोटोही तिथंच.

एका शनिवारी विकीची नवी आवृत्ती घालायचं ठरवलं. सर्व्हर चालूच होता. जुनं गाठोडं काढलं आणि नवं त्याच नावानं ठेवलं. टॉमकॅटनं आपलं काम चोख केलं. गाठोडं बदललं याचा अर्थ त्याच्या लेखी जुनं बिऱ्हाड गेलं. त्यानं खोली झाडून रिकामी केली आणि नव्याचं सामान मांडलं. कसली विचारणा नाही, इशारा नाही, कारण ती खोली त्याचीच होती. मी ब्राउझर उघडला, तर कोरा करकरीत विकी माझं स्वागत करत होता. जुन्या आवृत्त्या राखून ठेवणारं 'ओल्ड' फोल्डरही त्याच खोलीत होतं, तेही गेलं. मी नोंदींची फाईल वाचली. त्यात बिऱ्हाड हलवल्याचं एका ओळीत लिहिलेलं होतं, वेळेसकट.

घाम फुटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

नोव्हेंबरात कधीतरी मी एक सीडी काढली होती, तिच्यात १९ पानं मिळाली. उरलेली २४ कुठंच नव्हती. रविवार तसाच गेला. सोमवारी सकाळी मी मामांकडे गेलो आणि सांगितलं. ते काही वेळ बोलले नाहीत. मग खिशातली वही काढून म्हणाले, "साहेब, ही मी मशीनच्या पेटीत कधी ठेवली नाही. पेटी बदलली की आतलं भंगारात जातं." एवढंच. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

अप्रेंटिसनं काही पानं छापून मामांना दाखवायला दिली होती. मामांनी ती घरी देवघरातल्या फळीवर जपून ठेवली होती. त्यातून ११ परत आली. उरली तेरा. ती पुन्हा सांगायला मामा बसले, पण दुसऱ्यांदा सांगताना पहिल्यासारखं येत नाही. काही वाक्यं आली नाहीत, हे मला ठाऊक आहे आणि त्यांनाही ठाऊक होतं.

प्रेस नंबर ३चं पान त्या तेरातलं. ते पुन्हा लिहून व्हायच्या आत, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, एका गार सकाळी दाब चढेना. पाळीवरच्या मुलानं संगणकावर पान शोधलं, सापडलं नाही, आणि त्यानं व्हॉल्व्ह आवळला. दुपारी दीडच्या सुमाराला प्रेसची होज फुटली. मुलगा जेवायला गेला होता, म्हणून वाचला. त्याच्या उभं राहायच्या जागेवर आणि मागच्या भिंतीवर, माणसाच्या छातीच्या उंचीला, तेलाचा पट्टा उमटला होता. मी तो पट्टा पाहायला गेलो होतो. नंतर तिथं रंग दिला.

त्यानंतर जे केलं ते खरं तर पहिल्या दिवशी करायचं होतं. पानांचं फोल्डर टॉमकॅटच्या घराबाहेर काढलं, वेगळ्या डिस्कवर. फोटोही तिथंच. वापरणाऱ्यांची यादी आणि परवानग्यांची फाईलही बाहेर. सेटिंगची फाईल तेव्हा बिऱ्हाडाच्या आतच असायची, म्हणून तिची एक प्रत बाहेर आणि गाठोडं बदललं की ती परत आत, असा नेम ठेवला. पुढच्या आवृत्त्यांमध्ये जेएसपीविकीनं ही सोय केली. आपले बदल तेवढे एका वेगळ्या लहान फाईलमध्ये लिहायचे आणि ती टॉमकॅटच्या सामाईक 'लिब' फोल्डरमध्ये ठेवायची. मग गाठोडं कितीदा बदला, ती शाबूत. रोज रात्री दोन वाजता पानांच्या फोल्डरची प्रत दुसऱ्या इमारतीतल्या संगणकावर जायला लागली. आणि दर तीन महिन्यांनी ती प्रत एका रिकाम्या संगणकावर टाकून विकी उघडतो का ते बघायचं. या शेवटच्या कामाचा सगळ्यांना कंटाळा येतो. मलाही येतो. पण न उघडून पाहिलेली प्रत म्हणजे न वाजवून घेतलेला नारळ, आतून कसा निघेल सांगता येत नाही.

काही जण विचारतात, एवढा खटाटोप कशाला, पैसे भरून तयार सेवा घ्यावी. घ्यावी की. ज्याच्याकडे माणूस नाही त्यानं जरूर घ्यावी. पण चाळीचा मालक दुसरा असला की चाळ पाडायचा निर्णयही त्याचाच असतो. कॉन्फ्लुएन्स हा जावातलाच एक मोठा विकी. तोही लोक आपापल्या सर्व्हरवर चालवत. त्याच्या कंपनीनं 'सर्व्हर' या प्रकाराचा आधार फेब्रुवारी २०२४ मध्ये थांबवला, आणि अनेकांना एक तर क्लाउडवर जावं लागलं, नाहीतर महागडा प्रकार घ्यावा लागला. कंपनीनं ते आधी जाहीर केलं होतं, लपूनछपून नव्हे. पण तारीख तिची होती.

आज कुणी टॉमकॅटवर विकी बसवायला घेतला, तर एक गोष्ट बघून घ्या. टॉमकॅटच्या दहाव्या आवृत्तीपासून जावातल्या वेबच्या भागांची घराणी बदलली आहेत. 'जावाएक्स' होतं तिथं आता 'जकार्ता' आहे. जुन्या नावांनी लिहिलेलं गाठोडं दहाव्या टॉमकॅटच्या वेबॲप्समध्ये टाकलं, तर बिऱ्हाड सुरूच होत नाही आणि नवखा माणूस स्वतःची चूक शोधत बसतो. विकीच्या माहितीपानावर कुठला टॉमकॅट चालेल ते लिहिलेलं असतं, ते आधी वाचायचं. मी वाचत नसे.

मामा ठरल्याप्रमाणे मे २००९च्या अखेरीस निवृत्त झाले आणि कराडजवळ गावी गेले. निरोपाच्या दिवशी व्यवस्थापकांनी भाषणात विकीचा उल्लेख केला. मी खाली मान घालून वडा खात होतो.

२०२१ मध्ये मला त्या कारखान्यातून फोन आला. मी नोकरी सोडून बरीच वर्षं झाली होती. जुना संगणक मरायला टेकला होता आणि विकी नव्या यंत्रावर न्यायचा होता. मी गेलो. नवा टॉमकॅट नववा, विकीही पुष्कळ पुढचा. मधल्या काळात विकीच्या आतल्या जावा घराण्यांची नावं बदलली होती, त्यामुळे परवानग्यांची माझी जुनी फाईल त्याला कळेना. ती नव्या नावांनी पुन्हा लिहिली. सेटिंगच्या ओळी निम्म्या निरुपयोगी झाल्या होत्या. पानांच्या फोल्डरला मात्र काहीच करावं लागलं नाही. ते जसंच्या तसं नव्या डिस्कवर ठेवलं, एका ओळीत त्याचा पत्ता दिला आणि सर्व्हर सुरू केला. पहिलं पान उघडलं, डावीकडे मशीनची यादी मराठीत. पानं ४३ची तीनशेच्या वर गेली होती.

मी प्रेस नंबर ३ उघडलं. मामांचा मजकूर होता तसा, 'हात लावू नका'सकट. खाली वेगवेगळ्या नावांनी भर पडत गेली होती. शेवटची ओळ त्याच आठवड्यातली: जाळी बदलली, नवी जाळी बारीक आहे, दर पंधरा दिवसांनी धुवा. लिहिणाऱ्याचं नाव ओळखीचं वाटलं नाही. विचारलं तेव्हा कळलं, देखभालीला दोन महिन्यांपूर्वी लागलेली एक मुलगी आहे. ती पहिल्या पाळीला होती, मशीनवर. भेट झाली नाही.